चाळिसावी बाटली

नळ गेला तेव्हा एकच बाटली खंगाळायची उरली होती.

आधी धार बारीक झाली, मग नळाच्या घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला, शेवटचे चार थेंब माझ्या मनगटावर पडले आणि सारे शांत झाले. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या शुक्रवारी संध्याकाळी मी एकटाच होतो. लाकडी फळीवर एकोणचाळीस बाटल्या उपड्या घालून ठेवल्या होत्या. खिडकीतून येणारे तिरपे ऊन त्यांच्या तळांवर साचले होते. चाळिसावी माझ्या हातात होती, आतून-बाहेरून धुण्याच्या सोड्याने बुळबुळीत. गेल्या वर्षी त्या बाटल्यांत तेलाचे नमुने ठेवले होते. तो चिकटपणा जावा म्हणून मी बादलीत चांगल्या दोन मुठी सोडा टाकला होता.

शिपाई दारात किल्ल्या वाजवत उभे राहिले. पाणी आता उद्या सकाळीच, चला, कुलूप लावायचे आहे, असे ते म्हणाले. व्हरांड्यातल्या माठात पाणी होते. एक तांब्या पुरला असता. पण त्यासाठी घरी निघालेल्या माणसाला थांबवावे लागणार होते, आणि कुणाला थांबवणे, कुणाकडे काही मागणे, कुणाच्या दारात उभे राहून हाक मारणे ही त्या वयात माझ्यासाठी फार अवघड कामे होती. मी बाटली दोनदा झटकली आणि इतरांच्या रांगेत उपडी घातली. तिच्यावर चाळीस क्रमांकाची चिठ्ठी आधीच चिकटवलेली होती.

घरी जाताना मी मनाची दोन प्रकारे समजूत घातली. एक, यादीत नावे एकोणचाळीसच होती, चाळिसावी बाटली लागणारच नव्हती. आणि दुसरे, लागली तरी नियम होताच. कोणताही नमुना घेताना बाटली आधी त्याच नमुन्याने तीनदा खंगाळायची आणि ते ओतून द्यायचे. सोडा उरला असला तरी तेव्हा निघून जाईल.

निकम मॅडमनी त्या वर्षी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला एक नवीच गोष्ट सुरू केली होती. प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी चाळीस गुण प्रयोगशाळेत नव्हे, गावात जाऊन मिळवायचे. शिकलेले रसायनशास्त्र कुणाच्या तरी उपयोगी पडले पाहिजे, एरवी ते वहीतच नासते, असे त्या म्हणत. आमच्या तालुक्याच्या गावापासून तासाभरावर शेंडगेवाडी होती. तिथल्या दूध संस्थेचे सचिव ज्ञानदेव शेंडगे, ज्यांना सारे ज्ञानूनाना म्हणत, ते स्वतः महाविद्यालयात आले होते. चैत्रात दूध लवकर नासते. नासू नये म्हणून काहीजण त्यात सोडा टाकतात. गावात ते सर्वांना ठाऊक होते, पण कुणाचे नाव घेऊन बोलायची कुणाची छाती नव्हती. तुमची पोरं येऊन तपासतील तर बरे होईल, असे नाना म्हणाले होते.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही जीपने तिथे उतरलो. मॅडमनी समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल मांडले, परीक्षानळ्या लावल्या आणि आम्हांला पुन्हा एकदा बजावले की नमुन्याने बाटली तीनदा खंगाळल्याशिवाय भरायची नाही. मी आणि रियाज मुलाणी घरे वाटून घेण्याऐवजी बरोबरच निघालो. ती त्याचीच युक्ती होती. माझ्या हाती यादी आणि बाटल्यांची पेटी दिली आणि बोलायचे काम त्याने स्वतःकडे घेतले.

"माळवद्या दारात जाऊन खोकतो," तो पहिल्याच घरी म्हणाला. "बायकांना वाटतं, दमेकरी औषध मागायला आलाय."

ते खरे होते. मला हाक मारता येत नसे. मी दाराशी उभा राहून हलकेच खोकत असे आणि कुणी तरी बाहेर येण्याची वाट पाहत असे.

पहिल्या घरी रियाजने नियम पाळला. चरवीतले दूध बाटलीत घेतले, हलवले आणि अंगणात फेकले. मातीवर पांढरा ओघळ पसरला. घरातली सून दारातच थबकली, आणि आतल्या बाजेवरून म्हातारे सासरे उठून बाहेर आले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते.

"भुईवर दूध ओतत न्हाईत, पोरा," ते म्हणाले. "म्हस आटती."

रियाजने मान खाली घालून माफी मागितली. गल्लीत आल्यावर तो म्हणाला की हे काही जमायचे नाही, एकोणचाळीस घरांत तीन तीन वेळा दूध सांडले तर दुपारपर्यंत आपल्याला गावाबाहेर काढतील. मग त्याने मला विचारले, "बाटल्या तूच धुतल्यास ना?"

मी हो म्हणालो.

"मग झालं तर. तू धुतल्यास म्हणजे त्यांतसुद्धा जेवता येईल." आणि आम्ही न खंगाळताच बाटल्या भरत निघालो.

मला वाटले, ठीक आहे. एकोणचाळीस खरोखरच स्वच्छ होत्या.

साडेसातपर्यंत यादी संपली. ओढ्यापलीकडच्या चढावर एक घर एकटेच होते, पण ते यादीत नव्हते. आम्ही परत फिरलो. रियाज भरलेली पेटी घेऊन पुढे गेला. मी यादी आणि राहिलेली बाटली पिशवीत टाकून मागून चाललो होतो. तेवढ्यात चढावरून कुणी तरी हाक मारली. तिथे जाळीच्या काट्यांचे कुंपण होते, गोठ्यात एकच म्हैस होती आणि कासोटा खोचलेली, साठीच्या आसपासची एक बाई हातात पितळेची चरवी घेऊन उभी होती.

"माझं न्हाई घ्यायचं व्हय?" तिने विचारले.

तुमचे नाव यादीत नाही, संस्थेला दूध घालणाऱ्यांचीच यादी आहे, असे मी कसेबसे म्हणालो.

"मी संस्थेला घालतच न्हाई. माझं सकाळचं सगळं दूध अंगणवाडीला जातं. अकरा वरसं झाली." तिने चरवी कठड्यावर ठेवली. "मोठ्यांच्या चहाचं तपासता, आन् बारक्या पोरांच्या पोटात जातं त्ये सोडता व्हय? अनसाआक्का म्हणत्यात मला. लिही."

पिशवीत एकच बाटली होती.

माझ्यापासून तीन हातांवर पाण्याचा रांजण होता, वर तांब्या पालथा घातलेला. आक्का, जरा पाणी द्या, ही बाटली नीट धुतलेली नाही, एवढेच म्हणायचे होते. पण बाटली धुतलेली नाही असे म्हणणे म्हणजे आपण कालपासून ते जाणत होतो असे कबूल करणे. निदान दुधाने खंगाळावी, तर त्या म्हाताऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी बाटली पुढे केली. ती घेताना तिचे हात ओले होते, नुकतीच धार काढून कास पुसलेली. बाटलीवर बोटे टेकताच ती थांबली. तिने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हळूच घासली.

"बुळबुळीत लागतीया रं," ती म्हणाली.

"धुतलेली आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. मग चरवी तिरकी करून बाटली काठोकाठ भरून दिली, आणि माझ्या हातात देताना पदराने बाहेरून पुसलीही.

समाजमंदिराच्या ओट्यावर तोवर बरेच लोक जमले होते. चाचणी साधी होती. परीक्षानळीत थोडे दूध, तेवढेच अल्कोहोल आणि वर रोझॉलिक आम्लाचे दोन-तीन थेंब. निर्मळ दूध विटकरी-तपकिरी होते, सोडा असेल तर गुलाबी. मॅडमनी ठरवून ठेवले होते की कुणाचेही नाव मोठ्याने घ्यायचे नाही, ज्याचे त्याला नंतर चिठ्ठीतून कळवायचे. पण परीक्षानळ्यांची मांडणी टेबलावर सर्वांच्या डोळ्यांदेखत होती. एकामागून एक नळ्या तपकिरी होत गेल्या. ज्यांच्यावर गावाचा संशय होता तेही त्या दिवशी निर्मळ निघाले. तारीख त्यांना आठवडाभर आधी ठाऊक होती.

शेवटची नळी मीच भरली. घाईत दोनाऐवजी चार थेंब पडले. मला वाटले, काही होणार नाही. मग तळापासून तो रंग वर चढू लागला. आधी फिकट, मग लाजल्यासारखा, मग स्वच्छ, निःशंक गुलाबी. एरवी मला तो रंग फार सुंदर वाटत असे.

ओट्याखालचे लोक पुढे सरकले. मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"बाटल्या कोणी धुतल्या होत्या?"

"मी."

"नीट?"

"हो, मॅडम."

"नमुन्याने खंगाळल्या ना?"

रियाजने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरचे नेहमीचे हसू कुठेतरी गेले होते. मग तोच म्हणाला, "हो, मॅडम." त्याच्या दृष्टीने ती साधी, निरुपद्रवी थाप होती. मी काय लपवतो आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

मॅडमनी दुसरी नळी घेतली, त्याच बाटलीतले दूध ओतले, थेंब टाकले. पुन्हा गुलाबी. तोवर ज्ञानूनाना टेबलाशी आले होते. मॅडम काही बोलण्याच्या आत त्यांनी बाटली फिरवून आकडा वाचला आणि माझ्याकडे वळले.

"चाळीस कुणाचं रं?"

यादी माझ्या हातात होती. शेवटच्या ओळीवर माझ्याच अक्षरात ते नाव लिहिलेले होते. मॅडम म्हणाल्या की नाव सांगायची गरज नाही. पण माझी नजर आपोआप गर्दीत गेली, आणि जिथे गेली तिथे सर्वांच्या नजरा गेल्या. ती खांबाला टेकून उभी होती. रिकामी चरवी तिच्या कडेवर होती, मूल धरावे तशी.

"आनसाक्काचं व्हय," नाना म्हणाले.

कुणी हसले नाही, हे मला अजून आठवते. मागून एक बाई एवढेच म्हणाली की अकरा वर्षे आमची पोरे सोडा प्याली म्हणायची. दुसरी म्हणाली, तरीच तिचे दूध भर दुपारीसुद्धा फाटायचे नाही. अनसाआक्का माझ्याकडे पाहत होती. तिने उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हळूच घासली, एकदाच, आणि मग हात पदराखाली घेतला.

ती खूण त्या गर्दीत फक्त मला कळली. आणि मी यादीची घडी घातली.

मॅडमनी सांगून पाहिले की एका नमुन्यावरून असे ठरवता येत नाही, पुढच्या शनिवारी दुसरा नमुना घेऊ. नानांनी आदराने मान डोलावली आणि म्हणाले, "म्याडम, दोनदा गुलाबी झालं की वो. लहान पोरांचं काम हाय." सोमवारपासून अंगणवाडीला संस्थेतून दूध जाईल, असे तिथल्या तिथे ठरले. तिने ते उभ्याने ऐकले आणि ओढ्याच्या दिशेने चालू लागली.

परतीच्या जीपमध्ये मॅडम पुढे बसल्या होत्या. त्यांच्या मानेमागे, दीड हातावर मी होतो. रस्त्यातली सात गावे मला आठवतात, कारण प्रत्येक गावी मी ठरवले की पुढच्या थांब्यापाशी बोलायचे. रियाजने एकदा कोपराने ढोसून विचारले की काय झाले. मी म्हणालो, ऊन लागले. तालुक्याच्या गावी उतरताना मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या की तुमची भाषा चांगली आहे, अहवाल तुम्हीच लिहा, सोमवारी आणा.

रविवारी मी वडिलांच्या शिवणयंत्रामागे बसून अहवाल लिहिला. उद्देश, साहित्य, कृती. कृतीत 'बाटल्या प्रथम नमुन्याने तीनदा खंगाळून घेतल्या' हे वाक्य आले तेव्हा पेन थांबले. वडिलांनी विचारले, अडलं का काही. ते कापड बेतत होते. कात्री लावण्याआधी खडूची रेघ ते दोनदा तपासत, आणि तरी चुकलेच तर गिऱ्हाइकाला घरी जाऊन सांगत. मी काही नाही म्हणालो आणि ते वाक्य लिहिले. मग पुढचा तक्ता आखला. एकोणचाळीस ओळींत 'निर्दोष', शेवटच्या ओळीत 'सोडा आढळला'. माझे अक्षर त्या दिवशी फार देखणे आले होते.

सोमवारी मी अहवाल घेऊन मॅडमच्या खोलीपाशी गेलो. आत त्या एकट्याच होत्या. मी दाराशी उभा राहून खोकलो. त्यांनी वर पाहिले नाही. मी पुन्हा खोकलो.

"माळवदे, खोकला असेल तर औषध घ्या. काम असेल तर आत या."

मी आत गेलो, अहवाल टेबलावर ठेवला आणि म्हणालो की चाळीस क्रमांकाच्या बाटलीत सोडा होता. त्या म्हणाल्या, ते ठाऊक आहे. मी म्हणालो, दुधात नव्हे, बाटलीत. मग नळ, किल्ल्या, माठ, म्हाताऱ्याचे बोलणे, सगळे उलटसुलट सांगितले. त्यांनी मध्ये अडवले नाही. संपल्यावर त्यांनी अहवाल उघडला, ते एक वाक्य शोधून काढले आणि त्यावर बोट ठेवून बसल्या.

"तुम्हांला कधीपासून ठाऊक होतं?"

"नळ गेल्यापासून."

"म्हणजे मी विचारलं तेव्हाही."

"हो."

त्यांनी अहवाल मिटला. मला वाटले, आता गुणांविषयी बोलतील. त्या क्षणी त्या गुणांविषयी बोलल्या असत्या तर मला जवळजवळ सुटल्यासारखे झाले असते. त्यांनी कपाट उघडून अल्कोहोलची आणि आम्लाची कुपी काढली, चार परीक्षानळ्या कापसात गुंडाळल्या आणि एक कोरी बाटली माझ्यासमोर ठेवली.

"मी चिठ्ठी देणार नाही. मी बरोबर येणारही नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून ऐकलं तर ते म्हणतील, कॉलेजनं सारवासारव केली. उद्या पहिल्या एस.टी.नं जा."

मंगळवारी सकाळी मी शेंडगेवाडीला उतरलो तेव्हा संस्थेच्या दारात दूध घालणाऱ्यांची रांग लागली होती. मी तिकडे न पाहता ओढा ओलांडून चढावर गेलो. कुंपणाशी पोहोचल्यावर घशात नेहमीचा तो खोकला आला. पण खोकण्याची गरज पडली नाही. ती अंगणातच होती. धार काढून झाली होती आणि भरलेली चरवी समोर ठेवून ती नुसती बसून होती. पितळ इतके घासलेले होते की त्यात गोठा, आभाळ आणि मी, सगळे दिसत होते. शनिवारपासून दूध कुठे जाते, असे विचारायचे धैर्य मला झाले नाही. दावणीचे रेडकू मात्र तुडुंब पोटाने पेंगत होते.

मी उभ्यानेच सांगितले. या वेळी उलटसुलट झाले नाही. वाक्ये वाटभर जुळवली होती.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मला ठावं हुतं."

"मग तुम्ही तिथं का नाही बोललात?"

"मी काय बोलणार? चोराच्या उलट्या बोंबा म्हणाले असते." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बोलायचं तुझं हुतं, लेकरा. मी वाट बघितली."

तिने चरवी कडेवर घेतली आणि माझ्या हातातल्या सामानाकडे मान केली. "आणलंयस न्हवं समदं? चल मग. हितं मला दावून काय उपेग."

संस्थेच्या दारात आम्ही पोहोचलो तेव्हा रांग थबकली. ज्ञानूनाना वजनाच्या काट्यामागून उठले. मी बोलायला तोंड उघडले आणि पहिले दोन शब्द कुणालाच ऐकू गेले नाहीत. मागच्या कुणी तरी मोठ्याने बोला म्हटले. मी मोठ्याने बोललो. तो आवाज माझाच होता की काय याची मला खात्री नव्हती. बाटली मी धुतली नव्हती, मला ते ठाऊक होते, मी दोनदा खोटे बोललो, आक्काच्या दुधात काही नव्हते. कुणी तरी हळूच एक शिवी दिली. ती मला लागू होती.

नाना म्हणाले, "आज बाटली धुतलीया कशावरनं?"

मी उत्तर देण्याआधी अनसाआक्काने माझ्या हातातून कोरी बाटली काढून घेतली.

"कशी खंगाळायची असती रं?"

"त्याच दुधानं. तीनदा," मी म्हणालो. "आणि ओतून द्यायचं."

माझ्या मागे कुणी तरी श्वास आत घेतला. पहिल्या घरचे ते म्हातारे रांगेत होते, त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "आनसे, नगं. एकच म्हस हाय तुझी."

तिने चरवीतून बाटलीत दूध घेतले, बाळाला पाजताना बोंडले धरावे तशी बाटली तिरकी धरून आतल्या सगळ्या बाजूंनी फिरवले, दोन पावले पुढे गेली आणि दारासमोरच्या मातीत ओतले. मग वाकून त्या ओल्या जागेला बोटे लावली आणि ती कपाळाला टेकवली. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा तसेच. माती ते दूध पिऊन टाकत होती, आणि एवढी माणसे उभी असताना तिथे फक्त दुभत्या जनावरांच्या घंटा ऐकू येत होत्या. तिसऱ्या वेळी वाकण्याआधी तिने एकदा ओढ्यापलीकडच्या चढाकडे पाहिले. तिलाही म्हैस आटण्याची भीती होती. ती त्या म्हाताऱ्याइतकीच त्या गावची होती.

मग तिने बाटली भरून मला दिली.

मी काट्याशेजारच्या फळीवर नळ्या मांडल्या. या वेळी थेंब मोजून तीन टाकले. नाना इतके जवळ वाकले होते की त्यांचा श्वास माझ्या हातावर येत होता. दूध हलले, ढवळले आणि हळूहळू विटकरी-तपकिरी झाले. आम्ही थांबलो. रंग बदलला नाही. नानांनी स्वतः दुसरी नळी भरायला लावली. तीही तपकिरी.

त्यानंतर मी अनेक गावांत गेलो आहे. आता मीच एका महाविद्यालयात शिकवतो, आणि दर वर्षी मुलांना घेऊन कुणाच्या ना कुणाच्या दारात उभा राहतो. माझ्या प्रयोगशाळेतल्या नमुन्यांच्या बाटल्यांत एकोणचाळीसनंतर एक्केचाळीस क्रमांक येतो. मुले विचारतात तेव्हा मी सांगतो की आकडे घालताना माझ्या हातून चूक झाली. अनसाआक्काची म्हैस आटली नाही, असे मला पुढे रियाजकडून कळले. पण काही आया पावसाळा लागेपर्यंत आपल्या मुलांचे दूध घरूनच पाठवत होत्या, असेही त्याने सांगितले. त्या बायांना मी दोष देऊ शकलो नाही.

पण त्या सकाळी हे काहीच ठाऊक नव्हते. नाना कमरेवर हात ठेवून उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले की ठीक आहे, उद्यापासून आक्काने पहिल्यासारखे दूध पाठवावे.

"उद्या कशापाय?" ती म्हणाली. "आज पोरांचा उपास हाय व्हय?"

तिने चरवी उचलली आणि माझ्या दोन्ही हातांत दिली. ती कोमट होती, आणि मला वाटले होते त्याहून जड.

"तू जा घेऊन. चावडीच्या मागं हिरवं दार हाय. हाक मारून सांग, कुणाचं दूध हाय त्ये."

मी चावडीच्या मागे गेलो. दार बंद होते. आतून मुलांचा गलका येत होता, आणि बाहेर ओट्यावर तीन-चार आया मुलांना सोडून बोलत बसल्या होत्या. मला पाहून त्या गप्प झाल्या. त्यांच्यातल्या एकीला मी ओळखले. शनिवारी मागून बोललेली ती. चरवीकडे पाहून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

घशात खोकला आला. मी तो गिळला.

"दूध आणलंय," मी म्हणालो. "अनसाआक्काचं."

आतला गलका थोडा कमी झाला. दार उघडले नाही. ओट्यावरच्या बायका माझ्याकडे पाहत होत्या आणि चरवीच्या कडेला दुधाचा फेस हलत होता.

मी पुन्हा हाक मारली.